सकाळच्या शिफ्टमधली एक जागा

खुदेजाचा पहिला फोन आला तेव्हा यशश्री सहामाहीच्या वह्या तपासत बसली होती. मस्कतमधल्या मराठी बायकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरून कुणीतरी तिचा नंबर दिला होता.

"ताई, मी मुरूडची," पलीकडचा आवाज म्हणाला. "नर्स आहे. चार वर्षं सोहारला होते, आता रुवीतल्या हॉस्पिटलात लागलेय. मिस्टर सोहारलाच, पोर्टवर क्रेन चालवतात. तुमच्या बिल्डिंगमध्ये एक फ्लॅट रिकामा आहे असं कळलं."

यशश्रीचं माहेर रेवदंड्याचं. खाडी ओलांडली की मुरूडचा रस्ता लागतो. वाक्याच्या शेवटी किंचित ओढून बोलायची ती पद्धत तिने कित्येक वर्षांत ऐकली नव्हती. दोघी वीस मिनिटं बोलत राहिल्या. काशीदचा घाट, रेवदंड्याचा पूल, सुकटाची चटणी, सगळं झालं. नाव ऐकल्यावर यशश्रीच्या मनात एक हिशेब झाला होता, तो मात्र ती बोलली नाही. बिल्डिंगमध्ये केरळचं एक मुसलमान कुटुंब आधीपासून होतं. म्हणजे अडचण यायची नाही.

घाई होती ती मुलीच्या शाळेची. यशश्री ज्या भारतीय शाळेत शिकवायची तिथेच खुदेजाने रुमानासाठी अर्ज केला होता. शाळा दोन शिफ्टमध्ये भरे. सकाळच्या शिफ्टला चौथीत एकच जागा उरली होती आणि ती जवळपास राहणाऱ्या मुलांसाठी राखलेली होती. गुरुवारी दीडपर्यंत मालकाच्या सहीशिक्क्याचा भाडेकरार ऑफिसात दिला तर जागा रुमानाची, नाहीतर दुपारची शिफ्ट. दुपारची शिफ्ट म्हणजे काय, हे यशश्रीला बाहेरच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. एका वर्गात पन्नासावर मुलं, गणिताला वर्षात तिसरा शिक्षक, लॅबला कुलूप. सकाळच्या पालकांना त्या मुलांबद्दल बोलताना तिने ऐकलं होतं, 'ती दुपारची मुलं' असं. शिवाय खुदेजाची ड्युटी सकाळची. रुमाना दुपारी शाळेत गेली असती तर अख्खी सकाळ एकटी घरात राहिली असती.

यशश्रीने लगेच कौशिकला फोन लावला. कौशिक पहिल्या मजल्यावर राहायचा आणि मालकाच्या वतीने बिल्डिंगचं सगळं बघायचा. भाडेकरू ठरवणं, करार नवे करणं, मुलांची शाळेची व्हॅन लावणं, सारं त्याच्याकडे.

"मराठी आहेत ना? आणि नर्स?" तो म्हणाला. "मग विचारता काय वहिनी, देऊन टाकू. मंगळवारी दाखवायला घेऊन या."

मंगळवारी संध्याकाळी साडेपाचला यशश्री खाली जाऊन उभी राहिली. बिल्डिंगमागचे वादी अदाईचे उघडे डोंगर अजून तापलेले होते, भिंतीला हात लावला तर चटका बसत होता. एक टॅक्सी थांबली. एक उंच, काळीभोर बाई आणि तिच्यासारखीच उंच, कुरळ्या केसांची मुलगी उतरली. यशश्रीने त्यांच्याकडे पाहिलं आणि मग त्यांच्या पलीकडे पाहिलं, मागून दुसरी टॅक्सी येतेय का म्हणून. मनाशी तिने ठरवूनही टाकलं होतं, कुणाकडे तरी युगांडाची नवी कामवाली आलेली दिसते.

"ताई, मीच खुदेजा," ती बाई म्हणाली.

खुदेजा दोन क्षण थांबली. मग स्वतःच म्हणाली, "आम्ही सिद्दी. मुरूडात चारशे वर्षं झाली आम्हाला. फोनवर सांगायला हवं होतं का?"

"नाही, नाही. तसं काही नाही," यशश्री म्हणाली. जंजिऱ्याचे सिद्दी तिने इतिहासाच्या पुस्तकात वाचले होते आणि ते धडा संपला तिथेच संपले, असं तिला कुठेतरी वाटत आलं होतं. "चला ना वर. अगं, तू रुमाना ना?"

"हो. मावशी, तुमच्याकडे लिफ्ट आहे?" मुलीने विचारलं. तिचं मराठी स्वच्छ होतं. यशश्रीच्या मुलीला, अंतराला, जिचे आईबाप दोघेही घरात मराठी बोलत, एवढं सरळ वाक्य कधी जमलं नव्हतं.

कौशिक किल्ली फिरवत जिन्यातून उतरला आणि शेवटच्या दोन पायऱ्यांवर थांबला. हसू तसंच राहिलं, पण डोळे यशश्रीकडे वळले. मग तो खुदेजाकडे बघून इंग्रजीत म्हणाला, "प्लीज कम."

सात नंबरचा फ्लॅट दाखवताना तो इंग्रजीतच बोलला. खुदेजा प्रत्येक वेळी मराठीत उत्तर देत होती.

"दिस इज किचन. गॅस इज आउटसाइड."

"सिलिंडर बाल्कनीत ठेवायचा ना? बरं."

"वॉटर टँक इज कॉमन."

"पाणी सकाळी किती वाजेपर्यंत येतं, दादा?"

"दादा" ऐकून तो क्षणभर गोंधळला आणि पुन्हा इंग्रजीत काहीतरी सांगू लागला. रुमाना आईकडे बघत होती. खुदेजाने तिच्या खांद्यावर हात ठेवला होता, तो फ्लॅटमधून बाहेर पडेपर्यंत काढला नाही.

"आय विल लेट यू नो," कौशिक म्हणाला.

टॅक्सी गेल्यावर त्याने यशश्रीला जिन्यातच गाठलं. "वहिनी, तुम्ही सांगायचं तरी."

"काय सांगायचं?"

"मला स्वतःला काही नाही हो. पण आपल्या मालकाचा, अर्बाबचा नियम आहे. फक्त इंडियन फॅमिली."

"ती इंडियनच आहे. माझ्या माहेरापासून तासाभराच्या अंतरावरची."

"पासपोर्टवर असेल. पण उद्या खाली चार आफ्रिकन पाहुणे येऊन उभे राहिले तर लोक मला विचारणार. वरच्या मजल्यावरची शिवांगीची आई आत्ताच बाल्कनीतून बघून गेली, तिचा मेसेज आलाय." त्याने फोन पुढे केला. यशश्रीने पाहिला नाही. "अर्बाब नाही म्हणाला तर मी काय करणार? तुम्ही त्यांना दुसरीकडे बघायला सांगा. हमरियाला मिळेल की, तिथे सगळ्या प्रकारचे लोक राहतात."

बुधवारी शाळेत खुदेजा ऑफिसच्या खिडकीशी उभी होती. यशश्री तासाला निघाली होती, ती जरा मागे थांबली. क्लार्कच्या हातात रुमानाचा निळा भारतीय पासपोर्ट उघडा होता. तो पानं उलटत होता आणि विचारत होता, "नॅशनॅलिटी?"

"तुमच्या हातात आहे," खुदेजा म्हणाली.

"फादर इंडियन?"

"फादर, मदर, त्यांचे फादर, मदर. सगळे."

क्लार्कने मान हलवली आणि फॉर्म बाजूला ठेवला. "उद्या दीडपर्यंत लीज. नाहीतर दुपारच्या शिफ्टला टाकतो. तिकडे मिक्स असतात मुलं, तिला बरं पडेल."

खुदेजा वळली तेव्हा यशश्री समोर आली. काल संध्याकाळपासून ती फोन करायचं टाळत होती.

"काय म्हणाले ते दादा?" खुदेजाने विचारलं.

"मालकाचं काहीतरी..." यशश्री अडखळली.

"मालकाचं," खुदेजा म्हणाली. "सोहारला तीन ठिकाणी मालकाचंच होतं. एका ठिकाणी माझ्या मिस्टरांनी, मजीदने, मालकाला गाठलं, तर त्या बिचाऱ्याला फ्लॅट रिकामा आहे हेसुद्धा माहीत नव्हतं." तिने पर्सची चेन लावली. "मालक कुठे बसतात, तेवढं सांगाल? मी जाईन. तुम्ही यायची गरज नाही."

मालकाचं नाव खल्फान. मत्रहला बंदरामागच्या गल्लीत बोटींच्या सामानाचं त्याचं दुकान होतं. यशश्रीने आजवर त्याला पाहिलं नव्हतं, कुणीच फारसं पाहिलं नव्हतं. करार कौशिक आणून द्यायचा.

"मी येते," ती म्हणाली. तोंडातून निघून गेलं, आणि मग मागे घेता आलं नाही.

त्या संध्याकाळी तिचा नवरा गजेंद्र कामावरून आला, आंघोळ करून जेवायला बसला. तो एका कंपनीत मोठ्या एसी प्लांटच्या देखभालीचं काम बघायचा. भाकरी मोडता मोडता तो सहज म्हणाला, "कौशिक आला होता पार्किंगमध्ये. त्या सात नंबरचं."

"काय म्हणाला?"

"लेटर आहे मालकाला. सगळ्या रहिवाशांचं. की बिल्डिंगचं वातावरण, मुलांची सुरक्षितता, वगैरे. फक्त इंडियन फॅमिलीज द्या म्हणून."

यशश्रीचा हात ताटावर थांबला. "तू सही केलीस?"

"सगळ्यांनी केली होती."

"सगळ्यांनी?"

"आता नऊ झाल्यात, कौशिकचा मेसेज होता. माझी चौथी." तो पाणी प्यायला. "यशू, आपला करार महिनाअखेर संपतोय. नवा कोण करून देणार? कौशिकच ना? भांडण कशाला अंगावर घ्यायचं? मी त्या बाईला ओळखतही नाही."

"मी ओळखते. मी तिला बोलावलंय इथे."

"चार दिवस झाले ओळखून." त्याचा आवाज चढला नाही, तो कधीच चढत नसे. "आणि तू मला काल का नाही सांगितलंस? ती कशी दिसते, हे तूही मला सांगितलं नाहीस. का?"

अंतरा ताटातून मान वर करून एकदा आईकडे, एकदा बाबांकडे बघत होती. "इज दॅट गर्ल नॉट कमिंग?" तिने विचारलं. यशश्रीने तिच्या ताटात आणखी भात वाढला.

रात्रभर यशश्रीच्या डोक्यात एकच होतं. खुदेजाला सहीबद्दल आधी सांगावं का? सकाळी टॅक्सीत बसल्यावर सांगू, असं तिने ठरवलं. शाळेतून अर्ध्या दिवसाची सुट्टी घेऊन ती साडेदहाला रुवीच्या स्टॉपवर उभी राहिली. खुदेजा युनिफॉर्मवरच आली होती, रुमानाला हॉस्पिटलच्या वेटिंग रूममध्ये एका मैत्रिणीजवळ बसवून. टॅक्सी निघाली. यशश्रीने दोनदा तोंड उघडलं आणि दोन्ही वेळा भलतंच काहीतरी बोलली. कौशिक ते पत्र मालकाला इतक्यात कुठे पोचवणार, असंही तिने मनाला सांगून पाहिलं. मत्रह आलं.

दुकानात डांबराचा आणि नायलॉनच्या नव्या दोरांचा वास होता. मागच्या बाजूला लोखंडी टेबलाशी एक सत्तरीचा माणूस बसला होता. पांढरा पायघोळ दिशदाशा, डोक्यावर भरतकामाची टोपी, आणि रंगाने खुदेजापेक्षा एक छटा काळाच. यशश्रीला वाटलं, हा दुकानातला कुणी जुना कामगार असेल.

"अर्बाब खल्फान?" खुदेजाने विचारलं.

"मैं," तो म्हणाला. मग खुदेजाकडे निरखून बघत त्याने दुसऱ्याच कुठल्यातरी भाषेत काही विचारलं. खुदेजाने नकारार्थी मान हलवली.

"स्वाहिली नहीं आती?" त्याने हिंदीत विचारलं. "मैं झांझिबार में पैदा हुआ. मैं समझा तुम उधर का."

"मैं इंडिया की हूँ. बंबई के पास, समंदर किनारे. आपका वादी अदाई वाला फ्लॅट चाहिए, नंबर सात."

म्हातारा खुर्चीत मागे टेकला. "अच्छा," तो म्हणाला. "तो वो तुम है."

त्याने ड्रॉवर उघडून एक कागद काढला आणि टेबलावर ठेवला. पत्र कौशिकने आधीच पोचवलं होतं.

"कौशिक कहते हैं कि आपका नियम है," यशश्री घाईने म्हणाली. "सिर्फ इंडियन फॅमिली."

"मेरा?" खल्फानने तिच्याकडे पाहिलं. "मैंने कोई नियम नहीं बनाया. कौशिक आज सवेरे आया, बोला, आफ्रिकन फॅमिली को देगा तो सब इंडियन छोड़ के जाएगा. मेरे को बिल्डिंग भरा चाहिए. मैं बोला, ठीक है, मत दो."

"मग तुम्ही..." यशश्री मराठीतच बोलून गेली आणि सावरली. "तो आपने भी हाँ कर दी?"

"हाँ," तो म्हणाला. त्याने नजर वळवली नाही, पण टेबलावरचा त्याचा हात आखडला. "मैंने भी."

खुदेजाने कागद स्वतःकडे ओढला. ती सावकाश वाचत होती. पहिल्या परिच्छेदानंतर तिने एकदा श्वास घेतला. मग ती सह्यांवर आली. यशश्रीला तिचं बोट खाली सरकताना दिसत होतं. एक, दोन, तीन.

बोट थांबलं. "फ्लॅट नंबर चार," खुदेजा म्हणाली. "तुम्ही चार नंबरात राहता ना, ताई?"

"हो."

"ही मिस्टरांची सही?"

"हो."

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"काल रात्रीपासून."

बाहेर गल्लीत एक हातगाडी दगडांवरून खडखडत गेली. भिंतीवरच्या घड्याळात अकरा वीस झाले होते.

"देखो," खल्फान म्हणाला. "मैं झगड़ा नहीं मांगता. बारह फ्लॅट है. इसमें से एक आदमी आके बोले कि हम नहीं जाएगा, तो मैं सोचेगा."

"मैं बोलती हूँ," यशश्री म्हणाली. "मैं लिखकर देती हूँ."

"काँट्रॅक्ट में नाम किसका?"

"मेरे पति का."

"फिर उससे बुलवाओ."

यशश्रीने फोन काढला. या वेळी गजेंद्र प्लांटवर असणार. आवाजात फोन ऐकू येत नाही, तो बहुतेक उचलतच नाही. तिला अर्धी इच्छा होती की त्याने उचलू नये. तिसऱ्या रिंगला त्याने उचलला.

"बोल. काय झालं?"

"मी मालकांच्या दुकानात आहे. खुदेजा आहे इथे. तुझं पत्र टेबलावर आहे." तिने स्पीकर लावला आणि फोन खल्फानपुढे ठेवला. "ते बोलतायत तुझ्याशी."

पलीकडून फक्त यंत्रांची घरघर येत होती.

"सलाम आलेकुम," खल्फान म्हणाला. "तुम फ्लॅट चार?"

"वालेकुम सलाम. जी, अर्बाब."

"ये नर्स को मैं फ्लॅट देगा तो तुम मेरी बिल्डिंग छोड़ के जाएगा?"

यशश्रीने टेबलाची कड धरली होती. खुदेजा फोनकडे बघत नव्हती, ती दाराबाहेर बघत होती.

"नहीं, अर्बाब," गजेंद्र म्हणाला.

"फिर साइन क्यों किया?"

घरघर चालूच राहिली. कुणीतरी लांबून गजेंद्रला हाक मारली.

"सब कर रहे थे," तो म्हणाला.

"तो सब जाएगा?"

"कोई नहीं जाएगा, अर्बाब." त्याचा आवाज एकदम थकल्यासारखा आला. "कहाँ जाएगा? कोई नहीं जाएगा."

खल्फानने फोन यशश्रीकडे सरकवला. मग उठून कपाटातून कराराचे छापील कागद काढले आणि चष्मा शोधू लागला. चष्मा सापडायला, नावं लिहायला आणि पासपोर्टच्या झेरॉक्स काढायला वेळ लागला. झेरॉक्सचं दुकान दोन गल्ल्या सोडून. शिक्का उमटेना, तेव्हा त्याने शाईच्या पॅडवर पाण्याचे दोन थेंब टाकले. सही करताना तो खुदेजाला म्हणाला, "मेरी माँ मेरे को लेके इधर आया, मैं नौ साल का. बहुत घर देखा हम लोग." बस, एवढंच. तिने कागद तपासला, घडी न घालता फाइलमध्ये ठेवला आणि "शुक्रन" म्हणाली.

बारा पंचावन्न. टॅक्सीवाला म्हणाला, रुवीच्या सर्कलला गर्दी आहे. यशश्री दर मिनिटाला घड्याळ बघत होती.

"खुदेजाताई," ती शेवटी म्हणाली, "मी सकाळीच सांगायला हवं होतं."

"हो, हवं होतं." खुदेजा समोर बघत होती. "मी तिथे जाऊन परक्या माणसापुढे ते वाचलं. तुम्ही सांगितलं असतंत तर तयारीने गेले असते." थोड्या वेळाने ती म्हणाली, "घर मी घेतेय रुमानाच्या शाळेसाठी. तुमचं मन मोठं आहे म्हणून नाही. मला तिथे राहायची हौस उरलेली नाही. पण ती दुपारी जाणार नाही, एवढं मी ठरवलंय."

"समजतं मला."

"नाही समजत," खुदेजा म्हणाली, रागाने नाही. "पण असू दे. आत्ता वेळेत पोचू या."

ऑफिसच्या खिडकीत फाइल दिली तेव्हा एक बावीस झाले होते. क्लार्कने करार दोनदा वाचला, शिक्क्यावर बोट फिरवून पाहिलं. नंतर रजिस्टर ओढून सकाळच्या शिफ्टच्या यादीत शेवटचं नाव लिहिलं. खुदेजाने ते नाव लिहून होईपर्यंत खिडकीची कड सोडली नाही. मग ती तिथल्याच बाकावर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं. यशश्री शेजारी बसावं की नाही ते न कळून उभीच राहिली.

शुक्रवारी सोहारहून मजीद सामान घेऊन आला. पोर्टवरचे दोन मित्र आणि एक भाड्याची पिकअप. दुपारचे तीन वाजले होते, बिल्डिंगच्या बाल्कन्या रिकाम्या होत्या, पण पडद्यांमागे माणसं असल्याचं कळत होतं. नेमकी त्याच दिवशी लिफ्ट बंद होती. कौशिक म्हणाला, दुरुस्तीवाला शनिवारी येईल.

गजेंद्र खिडकीतून बघत राहिला. मग चप्पल घालून खाली गेला. यशश्री त्याच्या मागोमाग जिन्याच्या वळणापर्यंत आली. मजीद आणि एक मित्र फ्रिज उचलत होते.

"मी धरू का एका बाजूने?" गजेंद्रने विचारलं. "मी चार नंबरात राहतो."

मजीदने त्याच्याकडे पाहिलं. चार नंबर म्हणजे कोण, हे त्याला माहीत होतं. "नको," तो म्हणाला. "आम्ही नेतो."

गजेंद्र बाजूला झाला. बाहेरचं दार आपोआप मिटणारं होतं, प्रत्येक खेपेला ते मधे येत होतं. त्याने ते हाताने उघडून धरलं. फ्रिज गेला, पलंग गेला, शिलाई मशीन, भांड्यांची खोकी, रुमानाची सायकल. तासभर तो दार धरून उभा होता, शर्ट पाठीला चिकटला होता. त्याला कुणी थांब म्हणालं नाही, जा म्हणालं नाही. शेवटची खेप झाली तेव्हा मजीद त्याच्याजवळून जाताना म्हणाला, "सोडा आता दार." गजेंद्रने सोडलं.

शुक्रवार-शनिवारची सुट्टी संपली आणि रविवारी सकाळी सव्वासहाला शाळेची व्हॅन खाली उभी होती. यशश्री रोज याच व्हॅनने अंतराबरोबर जायची. मुलं चढत होती. खुदेजा रुमानाला घेऊन उतरली, नवा युनिफॉर्म, तेल लावून घट्ट बांधलेल्या वेण्या. कौशिक दाराशी फोन बघत उभा होता.

व्हॅनवाला मल्याळी होता, नाव हातातल्या कागदावर शोधत म्हणाला, "ये बच्ची का नाम लिस्ट में नहीं है, मॅडम."

"सीट फुल आहेत वहिनी," कौशिक फोनमधून मान वर न करता म्हणाला. या वेळी तो मराठीत बोलला, पण यशश्रीशी. "पुढच्या टर्मला बघू."

व्हॅनमध्ये मागे दोन सीट रिकाम्या दिसत होत्या. शिवांगीची आई आपल्या मुलीला आत सरकायला सांगत होती आणि शिवांगी सरकून खिडकीजवळ गेली, दप्तर बाजूच्या सीटवर ठेवून. यशश्री चढली होती, ती परत पायरीवर आली.

"मग मीही नाही येत," ती म्हणाली. "अंतरा, उतर. आपण टॅक्सीने जाऊ."

"नाही," खुदेजा म्हणाली. ती पायरीच्या अगदी जवळ आली होती, आवाज खाली आणून बोलत होती, तरी सगळ्यांना ऐकू जात होतं. "तुम्ही उतरू नका, ताई. तुम्ही उतरलात की सगळ्यांना बरंच वाटेल. आत बसा. हिला शेजारी घ्या."

यशश्रीला कळलं की हे उतरण्यापेक्षा कठीण आहे. उतरून ती टॅक्सीत एकटी चांगली ठरली असती. आत बसायचं म्हणजे सगळ्यांच्या नजरा घेऊन बसायचं, आज, उद्या, रोज.

तिने हात पुढे केला. रुमानाने आईकडे पाहिलं, आईने मान हलवली आणि ती चढली. यशश्री तिला घेऊन मागच्या सीटकडे गेली. शिवांगीच्या दप्तराला हात लावून ती म्हणाली, "हे मांडीवर घे, बाळा." शिवांगीने आईकडे बघितलं, मग दप्तर उचललं. यशश्री तिथे बसली आणि पलीकडच्या सीटवर रुमानाला बसवलं.

"साब?" व्हॅनवाल्याने कौशिकला विचारलं.

कौशिक फोन कानाला लावून दोन पावलं बाजूला गेला, कुणाशी तरी बोलल्यासारखं करत. इंजिन चालू होतं. सहा बावीस झाले. साडेसहाला गेट बंद होतं आणि उशीर झाला तर व्हॅनवाल्यालाच बोलणी बसतात. त्याने आणखी एकदा कौशिककडे पाहिलं, मग आरशात मागे पाहिलं.

"यल्ला, चलो," तो स्वतःशीच पुटपुटला आणि त्याने दार ओढून घेतलं.

खुदेजा रस्त्याच्या कडेला उभी होती. तिला सातची ड्युटी होती, तिने हात हलवला नाही, फक्त व्हॅन वळेपर्यंत बघत राहिली. वळणावर ती दिसेनाशी झाली. डोंगराच्या सावलीतून व्हॅन रुवीच्या रस्त्याला लागली.

पुढच्या सीटवरून अंतरा गुडघ्यांवर उलटी बसली आणि पाठीवरून रुमानाकडे बघू लागली. बराच वेळ ती शब्द जुळवत असावी.

"तू... तुला कोणता सेक्शन?" तिने विचारलं.

"अ," रुमाना म्हणाली. "तुझा?"

"माझा पण." अंतरा थोडं थांबली. "आमचा मॅथ्सचा सर खूप ओरडतो."

"ओरडतात," रुमानाने तिला दुरुस्त केलं. "सर असले की ओरडतात म्हणायचं."

"ओरडतात," अंतरा म्हणाली आणि सरळ बसली.